गोठ्याकडची भिंत

नागपूर
९ फेब्रुवारी

प्रिय हर्षाताई,
सप्रेम जय भीम.

आज लिहू, उद्या लिहू म्हणत इतके दिवस टाळलं. तुझी चिठ्ठी आणि दोन विटा जानेवारीतच खुशालच्या टेम्पोतून आल्या होत्या. मासळीच्या पेट्यांखाली होत्या, त्यामुळे चिठ्ठीला वास होता. म्हटलं वास गेला की उत्तर देऊ. वास गेला तर पेन सापडेना. पेन सापडला तर सांगण्यासारखं काही नव्हतं. आणि तू तर फोन उचलतच नाहीस, म्हणजे कागदावाचून सुटका नाही.

आधी मी कुठं आहे ते सांगतो. आईला मी 'कंपनीत लागलो' म्हणून सांगितलंय, ते तेवढं खरं नाही. एका कॉलेजच्या मागं मातीची प्रयोगशाळा आहे. तिथं मी माती कुटतो, चाळतो, विटा उचलून काट्यावर ठेवतो आणि काट्यावरचा आकडा मॅडमला सांगतो. रुचिता मॅडम. सिमेंट घातलेल्या मातीत पाणी कसं हिंडतं, याचा त्या अभ्यास करतात. हिंडण्यातलं मला कळतं, म्हणून ठेवलं असेल. आयटीआय अर्धवट सोडलं ते अजून सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही.

तुझ्या विटा पाहून त्यांनी विचारलं, कुठून आल्या. मग सगळंच सांगावं लागलं. धरणाचं पाणी वाढलं, जुनं गाव गेलं, नव्या गावठाणात यादोराव मामाला प्लॉट मिळाला. मामांनी जुन्या घराची एक भिंत फोडून तिची माती ट्रॉलीत आणली, सिमेंट मिसळलं, हाताच्या मशीनवर विटा दाबल्या आणि मागच्या खोलीची भिंत उभी केली. घर पुरं झालं आणि मामा गेले. मामी तेव्हाच्या एकोडीला भावाकडे जाऊन बसल्या, त्यांचं एकच बोलणं, 'त्याईची भिंत सुकली का मले बलावजा. पाडली त बलावू नका.' आणि घरात तू एकटी, भिंत ओली.

मॅडम म्हणाल्या, "म्हणजे मामेबहिणीला काय पाहिजे?"

मी म्हटलं, "भिंत सुकते का पाडावी लागते, तेवढं सांगा. त्याच्यावर मामीचं येणं आहे."

म्हणाल्या, वीटच सांगेल. एक वीट त्यांनी पसरट ट्रेमध्ये उभी ठेवली, खाली बोटभर पाणी. दुसरी जपून ठेवली. हे सगळं होऊन बरेच दिवस झाले. मधे मी चहावाल्याच्या पोपटात अडकलो. तो गिऱ्हाईक उधारी म्हणालं की शिवी देतो. पण ते नंतर.

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी चहा पीत होतो. चहा संपवला, पेला ठेवला, मग उठलो. ते आठवतं. बाकी काही आठवत नाही.

तुझा
अंकुश


नवं गावठाण
१६ फेब्रुवारी

अंकुश,
जय भीम.

पत्र मिळालं. खुशाल म्हणाला, "ताई, तुमच्या भावाचं पत्र बर्फावर ठेवून आणलं, ताजं आहे." तो हसला. मी पण हसले असेन.

भिंत तशीच आहे. खालून ओल गुडघ्यापर्यंत चढली आहे. ओलीच्या वर एक पांढरी रेघ आहे, तिच्यावर कापसासारखं काही उगवतं. झाडूनं झाडलं की पडतं, दोन दिवसांनी परत येतं. इथं सगळे त्याला लोणा म्हणतात. मी रोज झाडते. अंगणवाडीतून आले की पहिलं तेच काम.

शेजारच्या शकुबाईची शेरी मागून में-में करत येते आणि भिंत चाटते. सकाळी येते, संध्याकाळी येते. मी शकुबाईला म्हटलं, बांधून ठेवा. ती म्हणे, "माही शेरी हुशार आहे वो, फुकटचं सोडत नाई." चाटून चाटून एका जागी वीट खोल गेली आहे, वाटीसारखी.

केवळराम मिस्त्री येऊन गेला. भिंतीवर बोट फिरवून जिभेला लावलं आणि म्हणाला, "मीठ बराबर आहे, आता मिरची टाका." मग म्हणाला सिमेंटचं घट्ट प्लास्टर मारून देतो, ओल आतच मरते. मी हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही. तू लवकर कळव.

लोक विचारतात, रडली का. बायका तर समोर बसून वाट पाहतात. मला रडू येत नाही. पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना चालू होती तेव्हा मी पंगतीला किती पत्रावळी लागतील ते पाहत होते. कोणी मेलेलं नाही, कोणी जिवंत नाही, असं काहीसं वाटतं. जेवते, झोपते, कामाला जाते. म्हणून फोन उचलत नाही. फोनवर लोक कशी आहेस विचारतात आणि थांबतात. कागद थांबत नाही.

आईला घरी आणायचं आहे. तेवढं एक काम डोक्यात आहे.

हर्षा


नागपूर
१० मार्च

प्रिय हर्षाताई,

उशीर झाला. कारण सांगतो, हसू नको. वडशाच्या एका नाटक कंपनीचा ट्रक इथं सामान घ्यायला आला होता. ड्रायव्हर साकोलीचा निघाला. म्हणे, "चल गा, दोन खेळ पाहून परत सोडतो." दोनाचे बरेच झाले. लाखांदूर, अर्जुनी, कुठं कुठं हिंडलो. मी पडदे ओढायचो. त्यात एक पडदा वाड्याच्या भिंतीचा होता, इतकी सुंदर रंगवलेली भिंत की जवळ जाऊन हात लावला तेव्हाच कापड कळलं. तिला ओल नाही, लोणा नाही, गुंडाळली की ट्रकात. मला वाटलं घरं अशीच पाहिजेत.

परत आलो तर मॅडमनी फक्त माझ्या हातात फडकं दिलं. आता कामाचं.

वीट भरीव दिसते, पण आतून ती बोळांची वस्ती आहे. काही बोळ बैलगाडी जाईल एवढे, काही मुंगी अडकेल एवढे. डोळ्याला काहीच दिसत नाही. मॅडम तुकडा सुकवून एका मशीनमध्ये टाकतात आणि पारा दाबतात. पारा अडेल तिथं किती जोर लागला त्यावरून बोळ केवढा ते कळतं. मला वाटायचं मोठ्या बोळातून पाणी जास्त चढत असेल. उलटं आहे. बोळ जेवढा बारीक तेवढं पाणी उंच जातं. सावकाश जातं, पण जातं, कोणी न ढकलता. लुगड्याचं टोक बादलीत राहिलं तर ओल कशी वर येते, तसंच.

सिमेंट पक्कं धरलं तर हे बोळ मधेमधे तुटतात आणि पाणी अडून बसतं. नीट धरलं नाही तर मोठे बोळ थोडे बुजतात आणि बारीक तसेच जोडलेले राहतात. म्हणजे पाण्याला चढायला शिडीच. आणि जे पाणी चढतं ते भिंतीच्या तोंडाशी येऊन उडून जातं. त्याच्यासोबत आलेलं मीठ मात्र मागं राहतं. तोच तुझा कापूस.

म्हणून प्लास्टर करू नको. तोंड बंद केलं तर ओल मरत नाही, दुसरीकडून रस्ता काढते. केवळरामला सांग नागपूरहून निरोप आहे.

आपली वीट अजून ट्रेमध्ये आहे. काम चालू आहे. आता मॅडम हाक मारून राहिल्या.

अंकुश


नवं गावठाण
१९ मार्च

अंकुश,

तुझं पत्र आलं तेव्हा प्लास्टर होऊन गेलं होतं. मी थांबले होते. मग एक दिवस केवळराम सामान घेऊनच आला आणि मी दार उघडलं. त्याचा दोष नाही. त्याला वाटलं मुलगी एकटी आहे, करून देऊ. चहासुद्धा घेतला नाही.

चार-आठ दिवस भिंत छान दिसली. करडी, सपाट. मी एकोडीला निरोप देणार होते, आई, ये. मग खालचा भाग कोरडा आणि वरचा ओला दिसायला लागला. ओल खांद्यापर्यंत गेली. प्लास्टरला पोट आलं, ठोकलं की पोकळ वाजायचं. परवा मी भाकरी करत होते तेव्हा मागं धपकन आवाज झाला. जाऊन पाहिलं तर दारापेक्षा मोठी खपली खाली पडली होती. तिच्या मागच्या बाजूला सगळीकडे पांढरं पीठ. मी परत येऊन तव्यावरची भाकरी उलटवली.

शेरी आली होती, खपलीची आतली बाजू चाटत होती. शकुबाई पण आली. दोघी पाहत उभ्या राहिलो. ती म्हणाली, "हर्षा, तुया बापाची माती मोठी चवदार वो." मग तिनेच जीभ चावली आणि खपली उचलायला लागली.

तू लिहिलंस की काम चालू आहे. विटा पाठवून दोन महिने झाले. तुझ्या पत्रात बोळ आहेत, पारा आहे, नाटकाचा पडदा आहे. आपल्या विटेचं काय झालं ते नाही.

हर्षा


नागपूर
१२ एप्रिल

प्रिय हर्षाताई,

आपली वीट फेब्रुवारीतच बसली होती.

तुला लिहिलं नाही. पहिल्यांदा कोपरे गेले, मग खालचा हिस्सा फुगला, मग ती ट्रेमध्ये बैलासारखी खाली बसली. मी उचलायला गेलो तर बोटं आत गेली. पातळ पिठल्यासारखा घाटा. शेजारी मॅडमच्या विटा होत्या, त्याच पाण्यात, त्या खणखणीत. मॅडम म्हणाल्या, बहिणीला कळव. मी हो म्हटलं आणि ट्रकात बसून नाटकाला गेलो. तुझं पहिलं पत्र खिशातच होतं, त्यात लिहिलेलं, तेवढं एक काम डोक्यात आहे. ते वाचून मला लिहवेना.

दुसरी वीट राहिली होती. मला वाटलं एखादी वीट कच्ची निघते, दुसरी पक्की निघेल. परवा तीही ठेवली, रात्रीतून तीही बसली.

काल तुझं मार्चचं पत्र मी मॅडमला वाचून दाखवत होतो. शकुबाईची शेरी त्यांना आवडेल म्हणून. त्या हसल्या, मग मधेच थांबल्या. "परत वाच." परत वाचलं. "शेळी पहिल्यापासून चाटते का?" मी तुझं आधीचं पत्र काढून दाखवलं, वाटीसारखी खोल गेलेली वीट वगैरे. त्यांनी पारा, मशीन सगळं सोडलं, दुसऱ्या विटेचा तुकडा कुटून पाण्यात घोळला, गाळला आणि काहीतरी थेंब टाकून पाहत बसल्या. म्हणाल्या हा सोरा आहे, फटाक्याच्या दारूत घालतात तो खार. जमिनीतल्या पाण्यातून एवढा येत नाही. विटेच्या मातीतच असणार. आणि शेणही असणार, काड्या पण. शेण असलेल्या मातीत सिमेंट धड धरत नाही.

आता त्यांनी एकच प्रश्न विचारलाय. मामांनी जुन्या घराची भिंत फोडली ती कुठली? बैठकीची, चुलीजवळची, कुठली? मला माहीत नाही. मी तेव्हा हिमाचलात सफरचंदाच्या पेट्या उचलत होतो. त्याच्या आधी सुरतला. तुम्ही सगळे गाव उचलून राहिले होते आणि मी पेट्या.

चौदा तारखेला इथं दीक्षाभूमीवर जाईन. मामा नेहमी खांद्यावर घेऊन जायचे.

अंकुश


नवं गावठाण
२० एप्रिल

अंकुश,

गोठ्याकडची भिंत.

तुला सगळं सांगते, मॅडमला वाचून दाखव.

पाणी रस्त्यापर्यंत आलं होतं. आधी छपराचे कवेलू उतरवले, मग दारं, मग वरचे लाकडी फाटे. लोक जे नेता येतं ते नेत होते. बाबा म्हणाले मातीपण नेऊ. आपल्याकडे जुन्या भिंतीची माती कोणी फेकत नाही, तुला माहीत आहे. पाडली, भिजवली, तुडवली की परत भिंत. पकलेली माती म्हणतात. नवी माती तडकते, पकलेली तडकत नाही. आजोबांनी पण तसंच केलं होतं, त्या मातीत त्यांच्याही आजोबाची माती असेल.

केवळराम तेव्हाच म्हणाला होता, "यादोराव, सिमेंटात घालाचं त मुरूम आणा. हे माती नको." बाबा म्हणाले, "नवी माती अन् नवा जावई, कधी फुगन सांगता येत नाई." सगळे हसले, केवळरामही हसला आणि मशीन लावलं.

ट्रॉलीत एकाच भिंतीपुरती जागा होती. मी म्हटलं बैठकीची घ्या, तिथं बाबासाहेबांची तसबीर असायची. बाबा गोठ्याकडे गेले. म्हणाले, बैठकीच्या भिंतीला आपण सगळ्यांनी चुन्याचा पोचारा मारला, या भिंतीवर फक्त तुझ्या आईचा हात आहे. चाळीस वर्षं तिनं सारवली, तिची बोटं दिसतात. आणि खरंच दिसत होती. वरपासून खालपर्यंत अर्धगोल, अर्धगोल. आई ट्रॅक्टरजवळ उभी होती. तिनं ऐकलं. पदरानं तोंड पुसलं.

त्या भिंतीच्या पलीकडे बैल बांधायचे, गाय, म्हशी. मूत सगळं तिथंच मुरायचं. मॅडमच्या सोऱ्याचं उत्तर हे.

तुला मी दोष देत नाही. तू लपवलंस, मला तेव्हा राग यायला पाहिजे होता. आला नाही.

जूनच्या आत ठरवावं लागेल. केवळराम म्हणतो पावसाळ्यात ही भिंत स्लॅब सांभाळणार नाही. आता तूच विचारून सांग, पाडू का. मला हे आईला विचारता येत नाही.

हर्षा


१३ मे

अंकुश,
महिना होत आला. स्लॅबखाली लाकडी टेकू लावले आहेत. मी पुढच्या खोलीत झोपते. खुशाल विचारतो, भाऊ नागपुरात आहे का पळाला. मी म्हटलं, माहीत नाही.
हर्षा


साकोली
२५ मे

प्रिय हर्षाताई,

पळालो नव्हतो. म्हणजे थोडा पळालो होतो, पण परत आलो.

पाड. मॅडमचं सांगणं हेच आहे, मी तीनदा विचारलं. मी म्हटलं, खालचे दोन-चार थर बदलून वरची ठेवता येईल का. त्या म्हणाल्या, ओल नुसती खालून येत असती तर जमलं असतं, सिमेंटचा पट्टा टाकून अडवता आली असती. पण सोरा वरच्या विटांतही आहे आणि तो हवेतली ओल ओढून घेतो. शिवाय मातीत शेण असल्यामुळे सिमेंटनं धरलंच नाही. ती वीट नाही, विटेच्या आकाराची माती आहे. मी म्हटलं, त्यात माझ्या मामीचा हात आहे. त्यांनी विटेचा तुकडा हातात घेतला. मग म्हणाल्या, "अंकुश, ती माती वाईट नाही. तिला चुकीच्या कामाला लावलं."

मग त्यांनी सांगितलेलं जसंच्या तसं लिहितो. सोरा म्हणजे झाडाचं खाणं. आपल्या बाजूला जुन्या गोठ्याची माती लोक शेतात टाकतात ते उगाच नाही. पण ढीग घालायचा नाही, बी जळून जाईल. फोडायची, बारीक करायची, दुसऱ्या मातीत पातळ पसरायची. तुमची कालव्याकडची धानाची बांधी आहे ना, मामांनी घेतलेली. तिथं पऱ्ह्याच्या वाफ्यात टाकली तर चालेल का, मी विचारलं. चालेल म्हणाल्या. पऱ्हे म्हणजे धानाची रोपं, हे त्यांना मी समजावलं. एवढं एकच मी त्यांना शिकवलं असेन.

सध्या आईकडे आहे. आईनं विचारलं, कंपनीनं सुट्टी दिली का. मी हो म्हटलं. काल नागझिऱ्याच्या रस्त्याला एकाच्या मोटारसायकलवर गेलो, मोहफुलं संपली होती, टेंभरं पिकली होती, खाऊन घसा बसला. परत येताना एकोडी लागली. तिथल्या तलावात एवढंसं पाणी राहिलंय, पोरं हातानं मासोळ्या धरून राहिली होती. मीही उतरलो. चप्पल चिखलात गेली ती मिळालीच नाही. बाकी एकोडीचं काही नाही.

भिंत पाडशील तेव्हा मी येऊ का? कामाचा नाही, पण माती फोडता येते.

अंकुश


नवं गावठाण
१४ जून

अंकुश,
जय भीम.

भिंत पाडली. तुला बोलावलं नाही. तू आला असतास तर कोणीतरी माझ्याकडे पाहत राहिलं असतं.

केवळराम आणि त्याचा मुलगा होते. आधी नवीन पक्क्या विटांचे खांब उभे केले, स्लॅब त्यांच्यावर घेतला, मग भिंतीला हात लावला. केवळराम हातोडा घेऊन उभा राहिला आणि मला म्हणाला, "बाई, पहिला घाव तू मार का मी?" मी म्हटलं तुम्हीच मारा. त्यानं चप्पल काढली, मग मारला. फार जोर लागला नाही. खालच्या विटा हातानंच निघाल्या. वरच्या काही धड निघाल्या, त्या पण आपटल्यावर फुटल्या. आत तणसाच्या काड्या होत्या, अजून पिवळ्या. एका विटेत गाईच्या गळ्यातल्या घंटीचा तुकडा निघाला. केवळरामनं तो माझ्या हातात दिला. मी तो खिडकीत ठेवला.

मला वाटलं होतं पाडताना काहीतरी होईल. झालं नाही. दुपारी मी सगळ्यांना वरण-भात वाढला. केवळराम म्हणाला, "यादोराव असते त म्हणाले असते, मिस्त्री, मागं तुमी म्हटलं त म्या आयकलं नाई, आता पाडाचे बी पैसे घेता." मुलगा हसला. मी आणखी भात आणला.

आता मागची खोली उघडी आहे. चुलीजवळ बसलं की थेट कालवा दिसतो, त्याच्या पलीकडे बांधी. माती अंगणात ढीग करून ठेवली आहे. शेरी त्याच्यावरच बसलेली असते. शकुबाई म्हणते तिचं आता लग्न लावून द्या तिथंच.

आईला मी कळवलं नाही. काय कळवणार. 'पाडली त बलावू नका' म्हणाली होती, म्हणून बोलावत नाही. एवढी एक गोष्ट करायची होती, ती झाली नाही. पऱ्ह्याचं तू लिहिलंस ते वाचलं. पण बी कोण टाकणार. मला ते हात येत नाहीत, ते आईचे आणि बाबांचे. लोकांचे वाफे टाकून झाले. आमची बांधी या वर्षी पडीक राहील. राहू दे. केवळराम पक्क्या विटांची भिंत घालून देईल, खाली पट्टा टाकून. ती सुकी राहील. मी त्या खोलीत शिलाई मशीन ठेवीन म्हणते.

तू मॅडमकडे परत जा. तिथं तुझं मन लागतं असं तुझ्या पत्रांवरून वाटतं, तू कितीही पोपटाचं लिहिलंस तरी.

खुशाल टेम्पो घेऊन उभा आहे, पत्र घ्यायला. बंद करते.

थांब. ऑटो आला आहे कोणाचा तरी.

अंकुश, हे उभ्यानं लिहून राहिले, खुशालला मी दोन मिनिटं थांब म्हटलं आहे. आई आली. एकटी. डोक्यावर गोणी घेऊन ऑटोतून उतरली, दारातून आत आलीच नाही, घराला वळसा घालून सरळ मागं गेली. मी मागोमाग गेले. भिंत नव्हती तिथं तिनं पाहिलं. किती वेळ पाहिलं मला सांगता येणार नाही. 

मग तिनं गोणी खाली ठेवली आणि शेरीला हाकललं. ढिगातला एक गोळा उचलला, बोटांत फोडला, वास घेतला. म्हणाली, "लुचई धानाचं बी आणलं. अंकुश्या तिथं तलावात चप्पल हरवून आलता, त्यानं समदं सांगतलं. तू काहून नाई सांगतलं वो?"

मी म्हटलं, "तू येणार नाही म्हणाली होतीस."

"भिंतीसाठी नाई आलो," ती म्हणाली. "पऱ्हे टाकाचा टाइम निघून जाऊन राह्यला."

पदर खोचून ती आता मातीचे गोळे फोडत बसली आहे. हात अर्धगोल, अर्धगोल फिरून राहिला. फावडं मागते आहे. फावडं कुठं आहे ते मला आठवत नाही, आणि समोरचं नीट दिसत पण नाही, कागद पण ओला होऊन राहिला. खुशाल हॉर्न वाजवतो आहे.

हर्षा